दुकानाच्या माळ्यावरचा खोका

वकीलताई, नमस्कार.

आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. मिस्टरांचं टॉवेल-चादरीचं छोटं दुकान आहे, मीही दुपारी गल्ल्यावर बसते. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या महिन्यात कपडे भिजवताना त्याच्या जीन्सच्या खिशातून पेनड्राइव्हसारखी एक जांभळी वस्तू बादलीत पडली. पाण्यात तिचा बारका दिवा लुकलुकायला लागला आणि न्हाणीघरात आंब्याचा वास सुटला. विचारलं तर म्हणाला, "व्हेप आहे, सिगारेट नाही. नुसती वाफ असते. आणि ओढणाऱ्याला कायद्यात शिक्षाच नाही, तूच शोधून बघ." मी गप्प बसले.

गेल्या आठवड्यात जुनी बिलं काढायला दुकानाच्या माळ्यावर चढले, तर टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे खोका. आत तसलेच २२ नग. पुण्याचा मित्र कुरिअरनं पाठवतो, पत्ता दुकानाचा आणि नाव वडिलांचं. बाराशेला घेतो, कॉलेजात सोळाशेला देतो, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. घेणाऱ्यांत माझ्या जावेचा अकरावीतला मुलगाही आहे. "त्याला पहिला फुकटच दिला," असं वर सांगतो. मी रडले तेव्हा म्हणाला, फीचे पैसे अडकलेत, एकतर सगळं मित्राला परत पाठवतो, नाहीतर आहे तेवढं विकून मोकळा होतो.

मिस्टर रागीट आहेत. कळलं तर मुलाला घराबाहेर काढतील. सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या, नातवंडं त्यांना अव्वा म्हणतात. त्या म्हणतात, विडी चालते, सिगारेट चालते, मग ह्या वाफेनंच काय घोडं मारलं? मला उत्तर देता आलं नाही. हे खरंच बंद आहे का? माझ्या मुलाला पोलीस धरतील का? आणि ह्यांना सांगू की नको?

एक आई, सोलापूर

*

ताई,

आधी एक काम करा. हे वाचून झालं की मुलाला समोर बसवा, पुण्याच्या मित्राला फोन लावायला सांगा आणि पुढचं पार्सल थांबवा. तरीही आलं तर दारातूनच परत लावा. सही करू नका, ओटीपी देऊ नका. मग बाकीचं बोलू.

हो, हे बंद आहे. अख्ख्या देशात बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारनं वटहुकूम काढला, त्याच वर्षी डिसेंबरात संसदेनं त्याचा कायदा केला आणि त्याचा अंमल वटहुकमाच्या तारखेपासूनच धरला. कायद्याचं नाव लांबलचक आहे, पण ते नाव नीट वाचलं तरी तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. ई-सिगारेटचं (व्हेपला कायदा याच नावानं ओळखतो) उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी, असं ते नाव आहे. आता मुलाची एकेक गोष्ट यातल्या एकेका शब्दावर ठेवून बघा. पुण्याहून कुरिअरनं आलं ती वाहतूक. सोळाशेला दिलं ती विक्री. जावेच्या मुलाला फुकट दिलं ते वितरण, कारण नमुना म्हणून फुकट देणंही वितरणच आहे असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. ग्रुपवर फोटो टाकला ती जाहिरात. समाजमाध्यमांचा उल्लेख कायद्यात नावानं आहे. आणि माळ्यावरचा खोका ही साठवण. १९ वर्षांच्या पोरानं खर्चाला चार पैसे सुटतील म्हणून सुरू केलेल्या उद्योगात एका कायद्याचे पाच शब्द बसलेत, आणि त्याला वाटतंय की आपण फक्त वाफ ओढतोय.

शिक्षा सांगते. घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण आकडे माहीत असलेले बरे. विक्री, वितरण, वाहतूक, जाहिरात यांतल्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठवणीला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विक्री-वितरणाचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंट नसतानाही अटक करू शकतात. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला, माल साठवलाय असं मानायला कारण असेल, तर दुकानाची झडती घेऊन तो जप्त करता येतो. तेव्हा "पोलीस धरतील का" याचं खरं उत्तर असं, की धरू शकतात. कॉलेजातल्या एखाद्या मुलाच्या घरी हे उघडकीला आलं आणि त्याचे वडील तक्रार घेऊन ठाण्यात गेले, तर धरतीलही. आणि १९ वर्षांचा मुलगा कायद्याच्या हिशेबी सज्ञान असतो. त्याला बालक म्हणून कुठलीही सवलत नाही.

आता त्याचं आवडतं वाक्य: ओढणाऱ्याला शिक्षा नाही. हे वाक्य माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं पाठ करून येतात, आणि त्यात थोडं खरं आहे म्हणूनच ते फसवं आहे. २०१९ च्या कायद्यात ओढण्याला म्हणून वेगळं शिक्षेचं कलम नाही, हे बरोबर. कायदा करणाऱ्यांचा रोख धंद्यावर होता. सवय लागलेल्या माणसाला तुरुंगात टाकायचं नव्हतं. पण २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं खुलासा केला, की ही उपकरणं कुठल्याही स्वरूपात, कितीही आणि कशीही जवळ बाळगणं हे या कायद्याचं उल्लंघनच आहे. आता खिशातला एक नग म्हणजे कायद्यातला 'साठा' होतो का, यावर मी न्यायालयात तासभर युक्तिवाद करू शकते. करीनही. पण ताई, २२ नगांच्या खोक्याबद्दल असा युक्तिवाद कोणताच वकील करू शकणार नाही. आणि मुलाला एवढंच विचारा, की जी वस्तू देशात बनवता येत नाही, बाहेरून आणता येत नाही, विकता येत नाही, फुकट देता येत नाही, ती तुझ्या खिशात कोणीतरी गुन्हा केल्याशिवाय आली कशी?

यात निकोटिन नाही, असंही तो उद्या म्हणेल. त्यानंही फरक पडत नाही. एखादा पदार्थ तापवून त्याची वाफ ओढायला देणारं विजेवरचं उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो, वास कसलाही असो, आकार पेनचा असो की पेनड्राइव्हचा, ते ई-सिगारेट, अशी कायद्याची व्याख्या आहे. ई-हुक्का त्यातच, तंबाखू न जाळता नुसती तापवणारी यंत्रंही त्यातच. आणि शेजारच्या कर्नाटकात, विजापूरला मिळतं, कलबुर्गीला मिळतं, हे तर त्यानं बोलूच नये. कर्नाटकानं स्वतःची बंदी २०१६ सालीच घातली होती. मिळतं म्हणून चालतं असं असेल तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंद असलेला गुटखाही कायदेशीर म्हणायचा, कारण तोही टपरीवर मागितला की निघतोच.

मुलानं सुचवलेल्या दोन वाटांपैकी एकही वाट धरू देऊ नका. आहे तेवढं विकून मोकळा होतो, याचा अर्थ आणखी २२ वेळा गुन्हा करून मोकळा होतो. आणि परत पाठवतो हे ऐकायला शहाणपणाचं वाटलं तरी तीही वाहतूकच आहे, आणि या वेळी पाठवणाऱ्याच्या जागी तुमच्या दुकानाचं नाव असेल. कचऱ्याच्या घंटागाडीतही टाकू नका. प्रत्येक नगात लिथियमची बॅटरी असते, दाबली गेली की पेट घेते. किंबहुना माझ्या जिवाला घोर लागलाय तो पोलिसांइतकाच या बॅटऱ्यांचा. पत्र्याखालचा माळा, सोलापूरचा उन्हाळा, आणि सुती टॉवेलच्या गठ्ठ्यांना चिकटून २२ बॅटऱ्या. टॉवेलला आग लागली म्हणजे काय होतं, हे टॉवेल कारखान्यांच्या अक्कलकोट रोडवर राहणाऱ्या बाईला मी वेगळं सांगायला नको. खोका आजच माळ्यावरून खाली घ्या, कपड्यांपासून लांब, सावलीत, लहान मूल पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. त्यातलं द्रव पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. द्रव अंगावर सांडलं तर साबणानं धुवून टाका, ते कातडीतूनही भिनतं.

मग वकील गाठा आणि त्याच्यासोबत जाऊन तो माल रीतसर पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्या, पंचनाम्यासह. आधी वकील आणि मग ठाणं, हा क्रम मोडू नका. तुमच्या मुलानं काय सांगावं, किती सांगावं, कोणत्या कागदावर सही करावी, हे त्याच्या बाजूच्या माणसानं आधी बघायला हवं. ओळखीच्या हवालदाराच्या हातात पिशवी देऊन मिटवून टाकू, हा विचार मनात आला असेल तर काढून टाका. त्यातून मिटत काही नाही, उलट उद्या कोणीतरी तुमच्या डोक्यावर बसतं. वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तुम्ही त्या दुकानात रोज बसता, म्हणजे हा प्रश्न तुमचाही आहे. तेव्हा तुमच्या नावानं अर्ज करा. आणि मोबाइलमधले मेसेज पुसून टाक असं मुलाला सांगू नका. मीही सांगणार नाही. पुरावा पुसणं हा आणखी एक गुन्हा होऊन बसतो. नवीन फोटो नको, नवीन मेसेज नको, एवढं पुरे.

ह्यांना सांगू की नको, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत. मला वाटतं पत्र लिहिलंत ते यासाठीच.

एखादा वकील तुम्हाला सांगेल की नका सांगू. त्याचंही कारण आहे. साठवणीच्या कलमात 'जाणूनबुजून' असा शब्द आहे. जागेच्या मालकानं किंवा ती जागा वापरणाऱ्यानं जाणूनबुजून तिथं साठा ठेवू दिला तर गुन्हा. म्हणजे तुमच्या मिस्टरांना आज माहीत नाही, तोवर ते कायद्याच्या दृष्टीनं निर्दोष आहेत. मग त्यांना अंधारातच ठेवणं बरं नाही का? मी २६ वर्षं वकिली करतेय आणि मी हा सल्ला देणार नाही. पार्सलवर नाव त्यांचं आहे. पुण्यात तो मित्र सापडला तर त्याच्या फोनमधून पहिला पत्ता निघेल तो तुमच्या दुकानाचा, आणि ठाण्यात बोलावणं येईल ते त्यांना. त्या क्षणी त्या माणसाला पहिल्यांदा कळेल की त्याच्या नावावर हे चाललं होतं, पोराला माहीत होतं, बायकोला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, हे त्यांनी अधिकाऱ्यासमोर कितीही खरं सांगितलं तरी ते पटवून द्यायचं ओझं त्यांच्याच डोक्यावर. आणि तो 'जाणूनबुजून' शब्द आज कोणाला लागू होतोय? गल्ल्यावर तुम्हीही बसता, आणि माळ्यावर काय आहे हे गेल्या आठवड्यापासून तुम्हाला माहीत आहे. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. गप्प राहून तुम्ही मुलाला पाठीशी घालताय असं तुम्हाला वाटतंय, पण त्या गप्प राहण्यानं घरातली तीन माणसं अडकतायत, हे दिसावं म्हणून लिहितेय.

सांगायचं कसं, हे तुमच्या घराला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता. तरी एक सुचवते. दुकान बंद झाल्यावर नको, भुकेच्या वेळी नको. जेवणं झाल्यावर, अव्वा घरात असताना सांगा. स्वतःच्या आईसमोर माणूस हात उचलताना विचार करतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. मुलाला तिथंच बसवा आणि पहिलं वाक्य त्यालाच बोलायला लावा: "आप्पा, मी तुमच्या नावावर माल मागवला." तुम्ही मध्ये पडून त्याचं वाक्य पुरं करू नका. मग लगेच तुम्ही सांगा, की पार्सल थांबवलंय, खोका खाली काढलाय, वकिलाकडे जायचं ठरलंय. रागीट माणसाचा राग बऱ्याचदा "आता करायचं काय" या धास्तीतून येतो. करायचं काय हे आधीच ठरलेलं असलं की तो निम्म्यावर येतो. घराबाहेर काढायची भाषा निघाली तर एवढंच म्हणा: उद्या वकिलाकडे आणि पोलिसांकडे जाताना ह्याच्या बाजूला बाप उभा लागेल.

अव्वांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला घाईनं द्यायचं नाही. कारण तो प्रश्न माझ्या घरातलाही आहे.

माझी आई विड्या वळायची. सकाळी कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पानं ओल्या फडक्यात भिजत ठेवायची, पत्र्याचा तुकडा पानावर धरून कात्रीनं भोवतीनं कापायची. मांडीवर सूप. सुपात एका बाजूला तंबाखू, एका बाजूला कापलेली पानं. चिमूट टाकायची, वळायची, टोक नखानं मोडायची, दोऱ्याचा एक फेर मारायचा. दिवसाला हजार. मी शाळेतून येऊन तिच्या शेजारी बसून नुसती टोकं मोडायचे, आणि माझ्याही बोटांना तो पिवळा रंग लागायचा. वर्गात बाईंनी हात पुढे कर म्हटलं की मी मुठी मिटायचे. आईला खोकला होता. घरात कोणी विडी ओढत नव्हतं, पण घरभर तंबाखूची धूळ होती. त्या विड्यांच्या मजुरीवर मी कायदा शिकले. तेव्हा विडी चालते आणि वाफ का नाही, असं कोणी विचारलं की मला दोन्ही बाजू आतून कळतात.

अव्वांना सांगा, तुमचं म्हणणं खरं आहे. विडी वाफेपेक्षा कमी वाईट आहे म्हणून चालते असं मुळीच नाही. जळणाऱ्या तंबाखूच्या धुरात जी विषं असतात, त्यांतली बरीचशी त्या वाफेत कमी असतात, हे जगभरचे डॉक्टर मान्य करतात. विडी चालते त्याचं कारण इतिहासात आहे. कायदे होण्याच्या कितीतरी आधीपासून ती इथं होती. तिच्यावर आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो बायकांच्या चुली पेटत होत्या आणि आजही पेटतात. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती या बायकांची संख्या केवढी आहे त्याची खूण आहे. असलेली गोष्ट सरकार एका रात्रीत बंद करू शकत नाही, म्हणून तिच्यावर निर्बंध घालत जातं. २००३ च्या तंबाखू कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना विकायला बंदी केली, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकायला बंदी केली, सार्वजनिक जागी ओढायला दंड लावला, आणि पुढे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ती भयानक चित्रं आली.

वाफेचं तसं नव्हतं. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात जेमतेम ३ टक्के लोकांनी ई-सिगारेटचं नाव ऐकलं होतं. तिच्यावर इथं कोणाचं पोट अवलंबून नव्हतं. अमेरिकेत मात्र तोवर शाळकरी पोरांच्या दप्तरांत ती पोहोचली होती. मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं सगळा अभ्यास मांडून पूर्ण बंदीची शिफारस केली आणि चार महिन्यांत वटहुकूम आला. दार उघडायच्या आधीच लावून घेतलं, एवढाच हिशेब. यात विसंगती आहे का? आहे. दरवर्षी तंबाखूनं देशात १३ लाखांच्या वर माणसं मरत असताना ती राजरोस विकली जाते, हे मला वकील म्हणूनही टोचतं आणि विडी कामगाराची मुलगी म्हणूनही. पण एक विष आपण बाहेर काढू शकलो नाही, म्हणून दुसऱ्याला घरात घ्यावं असं होत नाही. अव्वांना हे पटेल. हजार विड्या वळणाऱ्या बाईनं आपल्या मुलाच्या हातात कधी विडी दिली नसेल.

मुलगा इंग्लंडचं उदाहरण काढेल, तर तेही पुरतं सांगा. तिथले सरकारी डॉक्टर व्हेप सुचवतात, पण वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाला, ती सिगारेट सुटावी म्हणून. ज्यानं कधी ओढली नाही त्यानं याला हात लावू नये, असं तेच डॉक्टर सांगतात. १८ खालच्याला विकणं तिथंही गुन्हा आहे, आणि तुमच्या खोक्यात आहेत तसले एकदा वापरून फेकायचे नग तर १ जून २०२५ पासून तिथंही विकायला बंद झाले. तुमच्या मुलानं सिगारेट कधी ओढली होती का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. म्हणजे तो काही सोडायला व्हेपकडे गेलेला नाही. तो इथून सुरुवात करतोय.

आणि सवय लागली असेल तर ती खरी आहे, नुसता आगाऊपणा म्हणून झटकू नका. नगावरचं लेबल वाचा. ५ टक्के लिहिलं असेल तर एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून अंगात जातं ते १ ते २ मिलिग्रॅम. आंब्याच्या वासामुळे घसा खवखवत नाही, म्हणून किती गेलं हे पोराला कळतही नाही. बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस तो चिडेल, झोपणार नाही, पुस्तकासमोर बसून पान उलटणार नाही. दोन-चार आठवड्यांत हे उतरतं. त्या दिवसांत "आणि ओढ अजून" असलं बोलणं कोणी ऐकवू नये, मिस्टरांनी तर नाहीच. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. अव्वांना तो ओळखीचा वाटेल; विडीच्या बंडलावर चित्राखाली तोच छापलेला असतो. फोनवर बोलायला लाजत असेल तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका.

जावेच्या मुलाचं राहिलं. तो अकरावीत, म्हणजे बहुधा १६-१७ वर्षांचा. लहान मुलाच्या हातात तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. व्हेपमध्ये तंबाखूचं पान नसतं, तेव्हा ते कलम इथं लागतं की नाही यावर वकील भांडतील. ते भांडण तुमच्या दारात येऊ देऊ नका. मिस्टरांना सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी जावेकडे जा, मुलाला सोबत घेऊन. फोनवर नको. त्यानं घेतलेले पैसे त्यानं स्वतःच्या हातानं परत करावेत आणि तो नग परत मागून त्याच खोक्यात टाकावा. जाऊ बोलेल, कदाचित खूप बोलेल. ऐकून घ्या. तिच्याही बादलीत एखाद्या दिवशी असाच दिवा लुकलुकला असता.

कुरिअरच्या रिकाम्या पिशव्या आणि पावत्या असतील तर त्या फेकू नका. वकिलाकडे जाताना बरोबर न्या. माल कोणी पाठवला आणि कोणाच्या नावावर मागवला, हे त्यांवरच छापलेलं आहे.